लेखा सहायकाची पहिली नोकरी : ‘अनुभव’ या रकान्यात काय लिहावे?

प्रश्न : संगमाकाठ

नमस्कार. मी कराडचा रहिवासी असून २०२४ साली शिवाजी विद्यापीठातून बी.कॉम. झालो. गुण ५८ टक्के आहेत. एमएस-सीआयटी, टॅली या हिशेबाच्या संगणक प्रणालीचा तीन महिन्यांचा वर्ग आणि ३० शब्द प्रतिमिनिट वेगाची मराठी व इंग्रजी टंकलेखन परीक्षा एवढी जोड पदवीला आहे. पदवीनंतरचे वर्षभर बँकांच्या आणि सरळसेवेच्या परीक्षांची तयारी केली. एका बँकेची पूर्वपरीक्षा उत्तीर्ण झालो, मुख्य परीक्षेत थोडक्यात राहिलो आणि मग घरच्यांशी बोलून खासगी नोकरी शोधण्याचे ठरवले.

गेल्या चार महिन्यांत पुणे आणि पिंपरी-चिंचवड भागातील ‘अकाउंट्स असिस्टंट’ या पदासाठी मी सत्तरएक अर्ज केले असतील. त्यांतून दोनच फोन आले. पहिल्या गृहस्थांनी अनुभव किती एवढेच विचारले आणि ‘कळवतो’ म्हणून फोन ठेवला. दुसऱ्यांनी मुलाखत न घेताच माझी निवड झाल्याचे सांगून लॅपटॉपची अनामत म्हणून ३,५०० रुपये मागितले, तेव्हा मीच फोन ठेवला. बाकीच्या अर्जांचे काय झाले ते कळायला मार्ग नाही. बऱ्याच जाहिरातींत वर ‘फ्रेशर चालतील’ असे लिहिलेले असते आणि खाली पात्रतेत ‘किमान १ वर्षाचा अनुभव’ असेही असते. अशा ठिकाणी अर्ज करण्यात अर्थ आहे का?

माझ्या रेझ्युमेत सर्वांत वर ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’ म्हणून चार ओळी आहेत. त्या टॅलीच्या वर्गातील सरांनी सगळ्यांना सारख्याच दिल्या होत्या. त्याखाली शिक्षणाचा तक्ता, मग ‘मेहनती, प्रामाणिक, सर्वांशी मिळून काम करणारा’ असे गुण, मग छंद आणि शेवटी वडिलांचे नाव, जन्मतारीख व वैवाहिक स्थिती आहे. अनुभवाच्या रकान्यात ‘निरंक’ लिहिले आहे. आमचे घरचे कृषी सेवा केंद्र आहे आणि अकरावीपासून मी तेथे काकांना बिले करण्यात व खाती लिहिण्यात मदत करतो. पण ती काही नोकरी नव्हे, त्याचा पगारही नाही, म्हणून त्याचा उल्लेख केलेला नाही. वर्षभराच्या खंडाबद्दल काय लिहावे हेही समजत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद : रोजमेळ

मी भोसरीतील एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याचे लेखा काम पाहतो. आमचा विभाग चार माणसांचा आहे आणि गेल्या नऊ वर्षांत कनिष्ठ जागांसाठी सहा जणांची निवड मी केली आहे. मोठ्या कंपन्यांची रीत वेगळी असेल. मी लिहितो ते आमच्यासारख्या लहान कारखान्यांपुरते समजावे. आपण ज्या जागांसाठी अर्ज करत आहात त्यांतील बऱ्याच जागा मात्र अशाच ठिकाणच्या असाव्यात.

आधी जाहिरातीतील विसंगतीबद्दल. ‘फ्रेशर चालतील’ हे आम्ही पगाराच्या अंदाजाने लिहितो आणि ‘१ वर्षाचा अनुभव’ हे आमच्या धास्तीने. धास्ती अशी की आमच्याकडे शिकवायला कोणाला सवड नसते. महिन्याचे गणितच तसे आहे. ७ तारखेपर्यंत टीडीएस (पैसे देताना कापून घेतलेला आयकर) भरायचा, ११ तारखेपर्यंत विक्रीचे जीएसटीआर-१ हे जीएसटी विवरणपत्र दाखल करायचे, १४ तारखेला जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी चढवलेल्या बिलांचा तक्ता) तयार झाले की खरेदीची बिले त्याच्याशी ताडून पाहायची, १५ तारखेपर्यंत भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआयची (कर्मचारी विम्याची) रक्कम भरायची आणि २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी, म्हणजे कर भरण्याचे मासिक विवरणपत्र. या तारखांच्या मधल्या दिवसांत नव्या मुलाने खरेदीच्या नोंदी करायच्या असतात, बँकेचा ताळमेळ लावायचा असतो आणि ज्या पुरवठादाराचे बिल २बीमध्ये दिसत नाही त्याला फोन करून ‘आमचे बिल चढवा’ म्हणून मागे लागायचे असते. एका वर्षाच्या अनुभवाची अपेक्षा म्हणजे खरे तर इतकीच अपेक्षा की या मुलाने खरी बिले हाताळलेली असावीत आणि क्रेडिट नोट (आधीच्या बिलाची रक्कम कमी करणारा कागद) म्हणजे काय हे त्याला पहिल्या दिवशी सांगावे लागू नये. तेव्हा अशा जाहिरातींना अर्ज जरूर करावा. तीन किंवा त्याहून अधिक वर्षे मागितली असतील तेथे मात्र करू नये.

आता आपल्या ‘निरंक’कडे वळतो, कारण मला सर्वांत जास्त खटकले ते तेच. कृषी सेवा केंद्राचा जमाखर्च हा किराणा दुकानाच्या जमाखर्चाइतका सोपा नसतो. पेरणीच्या बियाण्यांवर जीएसटी नाही, रासायनिक खतांवर ५ टक्के आहे आणि रासायनिक कीटकनाशकांवर १८ टक्के. म्हणजे एकाच शेतकऱ्याच्या एकाच बिलात करमुक्त माल आणि दोन वेगवेगळे दर येतात. अनुदानित खत पॉस (विक्री नोंदवणाऱ्या) यंत्रावर आधारची पडताळणी करून विकावे लागते, त्यामुळे यंत्रातला साठा, वहीतला साठा आणि गोदामातल्या प्रत्यक्ष पिशव्या या तिन्हींचा मेळ बसावा लागतो. त्यावर उधारी. आपल्या भागात ती उसाचे बिल जमा होईपर्यंत थांबलेली असते आणि कोणाचे किती दिवसांचे येणे आहे हे रोज पाहावे लागते. कंपनीला परत केलेली बाटली, मुदत संपलेला माल, हंगामाच्या शेवटी विक्रीनुसार मिळणारी सूट या सगळ्यांच्या क्रेडिट नोटा असतातच. यातले निम्मे जरी आपण हाताने केले असेल, तरी मी बोलावतो त्या बहुतेक उमेदवारांपेक्षा आपण पुढे आहात, आणि तरीही आपला रेझ्युमे पाहून मी तो दहा सेकंदांत बाजूला ठेवला असता, कारण त्यात यातले अक्षरही नाही.

पगार नव्हता म्हणून ते काम नव्हते असे होत नाही. मात्र स्वतःला ‘अकाउंटंट’ हे पदही देऊ नये. ‘कौटुंबिक कृषी सेवा केंद्र, कराड, लेखनकामात विनावेतन साहाय्य’ असे शीर्षक आणि कालावधी द्यावा, आणि खाली प्रत्यक्ष केलेली कामे लिहावीत. न केलेले काम कदापि लिहू नये. दोन वर्षांपूर्वी एका उमेदवाराने ‘जीएसटीची सर्व विवरणपत्रे स्वतंत्रपणे दाखल केली’ असे लिहिले होते. ३बी कोणत्या तारखेला भरतात हे त्याला सांगता आले नाही आणि मुलाखत तेथेच संपली. त्याच दिवशी आलेल्या मुलीने सांगितले की तिने विवरणपत्र कधी भरलेले नाही, पण करसल्लागाराला लागणारी विक्रीची यादी दर महिन्याला तीच काढून देत असे, आणि एकदा त्यात एक बिल दोनदा गेले तेव्हा ते तिनेच शोधले. ती आज आमच्याकडे आहे.

मुलाखतीत मी फार प्रश्न विचारत नाही. एका महिन्याचे छापील बँक विवरण आणि खातेवही समोर ठेवतो, चाळीस मिनिटे देतो आणि फरक शोधायला सांगतो. त्यात एक धनादेश वटलेला नसतो, बँकेचे शुल्क नोंदवायचे राहिलेले असते आणि एका आकड्यातले अंक उलटे पडलेले असतात. सगळे सापडलेच पाहिजे असे नाही, पण उमेदवार कोठून सुरुवात करतो ते पाहतो. हे घरी बसून काकांच्याच पासबुकावर करून पाहता येईल.

प्रतिसाद : विश्रामबाग

वरील प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे. त्यात भर म्हणून माझी वाट सांगते, कारण ती संकेतस्थळांवरून गेली नाही.

मीही बी.कॉम. आहे, सांगलीची. पदवीनंतर पाच महिने ऑनलाइन अर्ज करून कंटाळल्यावर वडिलांच्या ओळखीने नव्हे, तर सरळ पत्ते काढून सांगलीतील अकरा सनदी लेखापालांच्या आणि करसल्लागारांच्या कार्यालयांत स्वतः गेले. नऊ ठिकाणी नकार मिळाला. दोघांनी ‘थांबा, काम दाखवतो’ म्हटले. त्यांतील एका ठिकाणी दरमहा ७,००० रुपयांवर चौदा महिने काढले. ही आर्टिकलशिप, म्हणजे सी.ए. होण्यासाठीची उमेदवारी, नव्हती, त्यासाठी सी.ए.च्या अभ्यासक्रमाला नोंदणी लागते; मी कार्यालयातील साधी कर्मचारी होते. पण त्या चौदा महिन्यांत औषधविक्रेते, बेदाण्याचे व्यापारी, एक पतसंस्था, दोन बांधकाम ठेकेदार असे तीसएक पक्षकारांचे हिशेब हाताखालून गेले. ठेकेदाराच्या बिलावर टीडीएस कापताना तो व्यक्ती असेल तर १ टक्का आणि कंपनी किंवा भागीदारी संस्था असेल तर २ टक्के, हे पुस्तकात वाचले होते. पण पॅन क्रमांकाच्या चौथ्या अक्षरावरून ते ओळखता येते हे मला तेथल्या ज्येष्ठ लेखनिक काकांनी दाखवले. कारखान्यात एकाच कंपनीची खाती दिसतात, तेथे तीस प्रकारच्या चुका दिसतात. पुण्यात मला बोलावले गेले ते त्याच जोरावर.

अशा कार्यालयांत जाण्याची वेळ मात्र साधावी. करलेखापरीक्षणाचा अहवाल ३० सप्टेंबरपर्यंत द्यायचा असतो, त्यामुळे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गेल्यास कोणी मान वर करून पाहणार नाही. त्याआधी दोन-तीन महिने गेल्यास त्यांनाच माणसांची गरज असते. संध्याकाळी साडेसहानंतर गेल्यास स्वतः साहेब भेटतात, हाही अनुभव.

दुसरा मार्ग शिकाऊ उमेदवारीचा आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली केवळ आय.टी.आय. झालेल्यांनाच घेतात असा आपल्याकडे समज आहे, परंतु राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजनेत, जिला सगळे नॅट्स म्हणतात, वाणिज्य पदवीधरांनाही एक वर्षासाठी घेता येते. किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र सरकार उचलते, म्हणून आस्थापनेलाही ते परवडते, आणि शेवटी प्रमाणपत्र मिळते. त्या काळात भविष्य निर्वाह निधी कापला जात नाही आणि नंतर कायम करण्याचे बंधन आस्थापनेवर नसते. तेव्हा रुजू होण्यापूर्वीच ‘मागच्या तुकडीतील कितीजण येथे राहिले’ असे नम्रपणे विचारावे. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा पदवीधरांना सहा महिने दरमहा १०,००० रुपये देण्याची तरतूद होती. माझा धाकटा भाऊ त्यातून पंचायत समितीत बसला. त्याला तेथे जमाखर्चाचे काम मिळाले नाही, आवक-जावक नोंदवहीच जास्त सांभाळावी लागली, पण सरकारी पत्रव्यवहार कसा चालतो ते समजले. लेखा क्षेत्रच निवडायचे असेल तर मी करसल्लागाराचे कार्यालय आधी सुचवीन.

प्रतिसाद : उंबरठा

‘शिकायला मिळते’ या नावाखाली ७,००० रुपयांत पदवीधर राबवून घेणे आपण सगळेच किती सहजपणे मान्य करतो, याचे मला वाईट वाटते. विश्रामबाग यांना ते जमले, कारण त्या घरी राहत होत्या. पुण्यात कॉट बेसिसचे भाडे, मेस आणि बसचा पास यांतच ती रक्कम संपेल आणि महिन्याच्या अखेरीस घरूनच पैसे मागवावे लागतील. मी स्वतः तसे आठ महिने काढले आणि शेवटी परत आलो.

म्हणून प्रश्नकर्त्यांना माझे सांगणे असे की पहिले वर्ष पुण्यातच काढण्याचा हट्ट का? कराडमध्ये करसल्लागार आहेत, पतसंस्था आहेत, जवळच तासवडेची औद्योगिक वसाहत आहे. घरी राहून कमी पगारात शिकणे परवडते, पुण्यात नाही. शिकण्याचीही मुदत ठरवून घ्यावी. वर्ष झाले आणि तरी केवळ झेरॉक्स काढणे व चलन भरायला बँकेत जाणे एवढेच काम असेल तर तेथे थांबू नये.

अनामत मागणाऱ्याचा फोन ठेवलात हे उत्तम केलेत. नोंदणी शुल्क, गणवेश, प्रशिक्षण, लॅपटॉप अशी नावे बदलतात, पण नोकरी देणारा उमेदवाराकडून पैसे घेत नाही. तसेच मूळ गुणपत्रिका कोणाकडेही ठेवू नयेत. पडताळणीसाठी दाखवाव्यात आणि त्याच वेळी परत घ्याव्यात. माझ्या एका मित्राची पदवी प्रमाणपत्राची मूळ प्रत मालकाने सात महिने अडकवून ठेवली होती.

संगमाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रोजमेळ यांचा प्रतिसाद मी काकांना वाचून दाखवला. ते म्हणाले, ‘मग इतकी वर्षे तू काय करत होतास असे तुला वाटत होते?’

काल बसून गेल्या वर्षाची बिले मोजली. ज्याला मी मदत म्हणत होतो ते काम खरिपाच्या दिवसांत रोज चाळीस ते साठ बिलांचे आहे. टॅली दुकानात मीच २०२३ साली सुरू केले; त्यापूर्वी काका हातानेच खाती लिहीत. गेल्या जुलैत पॉस यंत्रात युरियाच्या ११ पिशव्या जास्त दिसत होत्या. माल तर विकला गेला होता, पण इंटरनेट बंद असलेल्या दिवशी दिलेली दोन बिले यंत्रावर चढवायची राहिली होती. ती मी शोधून काढली होती, पण हे कोठे लिहिण्यासारखे आहे असे कधी मनातही आले नाही. विवरणपत्रे आमचे करसल्लागार भरतात; त्यांना खरेदी-विक्रीच्या याद्या एक्सेलमध्ये मी देतो.

त्यानुसार नव्या ओळी अशा लिहिल्या आहेत, कृपया तपासाव्यात :

‘कौटुंबिक कृषी सेवा केंद्र, कराड. लेखनकामात विनावेतन साहाय्य, २०१९ पासून.
हंगामात रोज ४० ते ६० विक्री बिलांची टॅलीत नोंद. करमुक्त, ५ टक्के व १८ टक्के दरांचा माल.
दुकानाचा हिशेब २०२३ मध्ये वहीतून टॅलीवर आणण्याचे काम जबाबदारीने व यशस्वीरीत्या पूर्ण केले.
पॉस यंत्र, टॅली व गोदाम यांतील खतसाठ्याचा मासिक ताळमेळ.
सुमारे १८० शेतकरी खात्यांची उधारी व वसुलीची यादी.
करसल्लागारांसाठी मासिक खरेदी-विक्री याद्या एक्सेलमध्ये तयार करणे.’

आणखी तीन शंका आहेत. संदर्भ म्हणून काकांचे नाव चालेल का? परीक्षांच्या वर्षाचे काय लिहावे? आणि पगाराची अपेक्षा विचारली तर किती सांगावी? उंबरठा यांचे म्हणणे घरच्यांनाही पटले आहे. तासवडे आणि कराड येथे आधी प्रयत्न करणार आहे, पण पुण्याचे अर्जही सुरू ठेवीन.

प्रतिसाद : रोजमेळ

ओळी चांगल्या आहेत. ‘जबाबदारीने व यशस्वीरीत्या’ हे शब्द काढावेत. वहीतून टॅलीवर आणताना सुरुवातीच्या शिलका कशा जुळवल्या ते मुलाखतीत विचारतीलच, तेव्हा यश आपोआप दिसेल. ‘२०१९ पासून’ यापुढे ‘शिक्षण सांभाळून’ असे जोडावे, नाहीतर वाचणारा पूर्णवेळ समजेल आणि नंतर आपण फुगवून लिहिले असे त्याला वाटेल. युरियाच्या ११ पिशव्यांची गोष्ट रेझ्युमेत नको, पण ‘तुमच्या एखाद्या कामाबद्दल सांगा’ असे कोणी म्हटले की हीच सांगावी, आणि सांगताना आधी कोणते रजिस्टर उघडले व मग कोणते, हा क्रम सोडू नये. ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’, छंद, वडिलांचे नाव आणि वैवाहिक स्थिती पूर्ण काढावी. मी आजवर कोणालाही त्यावरून निवडलेले नाही. त्याऐवजी सध्याचे गाव आणि किती दिवसांत रुजू होऊ शकता हे वरच लिहावे, कारण कराडचा पत्ता पाहून ‘हा येणार का’ हीच पहिली शंका येते.

संदर्भासाठी काका नकोत, करसल्लागार असावेत, अर्थात त्यांना विचारून. आपल्या याद्यांत चुका किती निघतात हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसेल. परीक्षांचे वर्ष एका ओळीत, लपवाछपवी न करता लिहावे : ‘२०२४-२५ : बँक व सरळसेवा परीक्षांची तयारी, दुकानातील काम सुरू.’ ‘आता पुन्हा परीक्षा देणार का’ असे नक्की विचारतील, कारण सहा महिन्यांत निघून जाणाऱ्या मुलांनी आम्ही पोळलेलो आहोत. उत्तर आधी घरी ठरवावे आणि तेच द्यावे.

पगाराचा आकडा मी येथे देत नाही, कारण भोसरीचा आकडा तासवड्याला लागू पडणार नाही. तेथे काम करणाऱ्या दोघा-तिघांना विचारून एक पट्टा ठरवावा. मात्र समोरून आकडा सांगितला गेला की तो हातात येणारा आहे की कपातीपूर्वीचा, हे तेथेच विचारावे. मूळ पगाराच्या १२ टक्के भविष्य निर्वाह निधी, दरमहा वेतन २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआयचे ०.७५ टक्के आणि व्यवसाय कराचे २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, एवढे वजा होऊ शकते. लेखा विभागाच्या उमेदवाराने हा हिशेब तोंडी केला तर समोरच्याला आनंदच होतो. काही मालक कंपनीचा निधीतला हिस्साही त्याच आकड्यात धरून सांगतात, तेवढे स्पष्ट करून घ्यावे.

अर्ज ईमेलने पाठवत असाल तर विषयात पद, आपले नाव आणि ‘टॅली, कराड’ एवढे असावे, आणि फाइलला स्वतःचे नाव द्यावे. माझ्याकडे ‘रेझ्युमे फायनल २’ या नावाच्या कितीतरी फाइली पडून आहेत. पाठवण्याचा दिवसही पाहावा. ७ ते ११ आणि १८ ते २० या तारखांना आलेली अर्जांची पत्रे मी उघडत नाही. ती खाली जातात आणि खालीच राहतात. २२ तारखेनंतर पाठवावे.